उशीत काय भरावे, हे ठरवण्याआधी

प्रश्न : मी चिपळूणजवळच्या एका गावात राहते आणि शाळेत शिक्षिका आहे. माझे वय ४६ आहे. गेले काही महिने सकाळी उठल्यावर माझी मान आखडलेली असते आणि तासाभराने मोकळी होते. मी बहुतेक कुशीवर झोपते. आमच्याकडे घट्ट, कापसाच्या गाद्या आहेत आणि उशाही साध्या कापसाच्या, बऱ्याच जुन्या आहेत. १३ वर्षांच्या मुलीला रोज सकाळी शिंका येतात आणि डॉक्टरांनी धुळीची अ‍ॅलर्जी सांगितली आहे. सासूबाई ७२ वर्षांच्या असून त्यांना मानेचा स्पॉन्डिलोसिस आहे. कोणीतरी सांगितले म्हणून त्यांनी उशी घेणेच सोडले आहे. यजमान घोरतात. उशा बदलायच्या ठरवल्या तर दुकानदाराने मानेखाली उंचवटा असलेली मेमरी फोमची उशी दाखवली, पुण्याचे दीर लेटेक्स घ्या म्हणतात, आणि सासूबाईंचे म्हणणे असे की परड्यात काटेसावर असताना विकतची उशी हवीच कशाला? कोणते भरण चांगले, ते सांगावे.

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या घरात चार माणसांच्या चार वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्या चौघांना एकाच प्रकारची उशी मानवणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. चार उशांचा संच सवलतीत मिळतो म्हणून तो उचलण्याचा मोह होईल, तो टाळावा. दुसरी गोष्ट अशी की तुम्ही भरणापासून सुरुवात केली आहे, पण मानेच्या दृष्टीने पहिला प्रश्न उंचीचा आहे. ठरलेली उंची रात्रभर आणि पुढे काही वर्षे टिकवून धरणे, हे भरणाचे मुख्य काम. उंचीच चुकली असेल तर महागातले भरण ती चूक अधिक निष्ठेने टिकवते, इतकेच.

मोठ्या माणसाचे डोके साधारण साडेचार ते पाच किलो वजनाचे असते. कुशीवर झोपल्यावर खांदा गादीवर टेकतो आणि डोके व गादी यांच्यामध्ये खांद्याच्या रुंदीइतकी पोकळी राहते. उशीने ती पोकळी भरली नाही तर मान रात्रभर खाली वाकलेली राहते आणि जास्त भरली तर वरच्या बाजूला मुडपते. कुशीवर झोपणाऱ्या बहुतेकांना डोके टेकल्यावर, म्हणजे दबलेल्या अवस्थेत, चार ते पाच इंच उंची लागते. उताणे झोपणाऱ्यांना तीन इंचांच्या आसपास पुरते. पोटावर झोपणाऱ्याने अगदी पातळ उशी घ्यावी किंवा घेऊच नये. या आकड्यांपेक्षाही महत्त्वाचे असे की हा हिशेब गादीवर अवलंबून असतो. मऊ फोमच्या गादीत खांदा रुततो आणि त्यामुळे कमी उंचीची उशी चालते; तुमच्यासारख्या घट्ट कापसाच्या गादीत खांदा वरच राहतो, म्हणून उशी थोडी अधिक उंच लागते. पुण्याच्या दिरांना त्यांच्या गादीवर जी उशी उत्तम वाटते, ती तुमच्या गादीवर बुटकी ठरू शकते.

उंची मोजायला खर्च नाही. घरातल्या दोन-तीन चादरी सारख्या घड्या घालून एकावर एक ठेवा, त्यावर कुशीवर झोपा आणि मुलीला समोरून मोबाइलवर फोटो काढायला सांगा. नाक, हनुवटी आणि छातीचे मधले हाड ही एका सरळ रेषेत, गादीला समांतर दिसली पाहिजेत. डोके गादीकडे झुकलेले दिसले तर एक घडी वाढवा, छताकडे उचललेले दिसले तर एक कमी करा. जमलेल्या उंचीवर दोन-तीन रात्री झोपून पाहावे आणि मगच पट्टीने माप घ्यावे. हे माप हातात घेऊन दुकानात गेलात तर दुकानदाराचे निम्मे बोलणे आपोआप गैरलागू होईल. दुकानातल्या उशीचे माप घेताना मात्र ती तळहाताने चांगली दाबून घ्यावे, कारण आठ इंच फुगलेली फायबरची उशी डोक्याखाली तीन इंचांचीही राहत नाही.

आता भरणांकडे वळू. साधा कापूस तुमच्या परिचयाचा आहे आणि त्याचा मोठा गुण म्हणजे तो घाम टिपतो. मध्यम दमट हवेतही कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतो, तर पॉलिएस्टरच्या तंतूत हे प्रमाण अर्धा टक्काही नसते. नागपूर-चंद्रपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात या गुणाला तोड नाही. कोकणात मात्र तोच गुण अंगाशी येतो. जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा कापसात शिरून राहतो, तंतू एकमेकांवर दबून बसतात, गाठी होतात आणि उशी दगडासारखी घट्ट व बुटकी होते. तुमच्या जुन्या उशांचे हेच झाले असणार, आणि सकाळच्या आखडलेल्या मानेचे एक संभाव्य कारण तिथेच आहे. कापूस दर दोन-तीन वर्षांनी पिंजून घ्यायचा असतो. पूर्वी पिंजारी धुनकी घेऊन दारावर येत, आता गादी कारखान्यातल्या यंत्रात हे काम होते. तिथे एक काळजी घ्यावी. नव्या कापसाच्या नावाखाली गिरणीतला टाकाऊ कापूस किंवा चिंध्यांचा भुगा भरण्याचे प्रकार सर्रास चालतात. म्हणून खोळ शिवून बंद होण्याआधी आतला माल डोळ्यांनी पाहावा, हातात घ्यावा.

सासूबाईंच्या शेवरीविषयी, म्हणजे सावरीच्या कापसाविषयी, थोडे सविस्तर लिहितो, कारण त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे मुळीच नाही. काटेसावरीच्या आणि तिची नातेवाईक असलेल्या पांढऱ्या सावरीच्या बोंडातला कापूस हा साध्या कापसाहून मुळातच वेगळा आहे. त्याचा प्रत्येक तंतू म्हणजे पातळ भिंतीची पोकळ नळी असते. आत हवा आणि बाहेरून मेणासारखा थर, त्यामुळे तो अतिशय हलका असतो आणि पाणी सहजी आत घेत नाही. म्हणूनच विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बोटींवरच्या जीवरक्षक जाकिटांमध्ये हाच कापूस भरत असत. आपल्या वजनाच्या तीसपटीपर्यंत भार तो पाण्यावर तोलून धरतो. कोकणच्या दमट हवेत हा गुण मोलाचा आहे, कारण साध्या कापसाइतका तो ओलावून बसत नाही आणि उन्हात ठेवला की पुन्हा फुलतो. उशी गरम लागत नाही, आणि डोके हळुवार पण पूर्ण बुडू न देता धरले जाते.

शेवरीचे दोषही तितकेच खरे आहेत. तिचा तंतू आखूड, गुळगुळीत आणि ठिसूळ असतो. गुळगुळीतपणामुळे त्याचे सूत नीट कातताच येत नाही आणि ठिसूळपणामुळे काही वर्षांनी तो मोडून त्याची पूड होते. ही पूड सैल विणीच्या खोळीतून बाहेर येते आणि नाकात जाते. शिवाय शेवरी फार लवकर पेट घेते, हे आपल्याकडे सहसा कोणी सांगत नाही. पलंगाशेजारी मच्छर अगरबत्ती किंवा देवघरातली समई असेल, तर ती शेवरीच्या उशांपासून लांब हवी. आणि बाजारात ‘शुद्ध शेवरी’ म्हणून मिळणाऱ्या मालात पॉलिएस्टरची भेसळ असू शकते. चिमूटभर तंतू चिमट्यात धरून घराबाहेर, ताटलीवर काडीने पेटवून पाहावेत. शेवरी आणि कापूस कागदासारखे जळून त्यांची मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळते, काळा धूर येतो आणि मागे टणक मणी उरतो.

तुमच्याकडे तर झाडच दारात आहे, तेव्हा भेसळीचा प्रश्न नाही. काटेसावर माघ-फाल्गुनात फुलते आणि बोंडे चैत्र-वैशाखात पिकतात. ती झाडावर उकलून कापूस वाऱ्यावर जाण्याआधीच, तपकिरी होऊ लागली की उतरवावीत आणि जुन्या पातळ लुगड्याखाली किंवा जाळीखाली उन्हात वाळवावीत, म्हणजे उकलली तरी कापूस उडत नाही. शेवरीत एक सोय अशी की साध्या कापसासारखा तिचा तंतू बीला चिकटलेला नसतो, तो बोंडाच्या आतल्या सालीला धरून असतो, त्यामुळे सरकी काढायला यंत्र लागत नाही. टोपलीत घालून काठीने घुसळले की बिया तळाशी जमतात. त्या सगळ्या निघाल्या आहेत ना, हे बोटांनी चाचपून पाहावे. बियांमध्ये तेल असते आणि उशीत राहिलेल्या मूठभर बियांसाठी उंदीर खोळ कुरतडायला मागेपुढे पाहत नाहीत. भरण्याचे काम मच्छरदाणीच्या आत बसून, तोंडा-नाकाला फडके बांधून करावे आणि त्या वेळी मुलीला घराबाहेर पाठवावे. खोळ घट्ट विणीच्या गादीपाटाची शिवावी, तीन बाजूंना दुहेरी शिलाई घालावी आणि चौथ्या बाजूला चेन लावावी. हवी त्यापेक्षा थोडी अधिक शेवरी भरा, कारण पहिल्या काही आठवड्यांत ती बसते. मग चेन उघडून कमी-जास्त करता येते. मोजलेल्या उंचीला उशी जुळवून घेण्याची ही मोकळीक कारखान्यात बंद करून आलेल्या कोणत्याही उशीत मिळत नाही, आणि माझ्या मते घरी भरलेल्या किंवा गादीवाल्याकडून समोर भरून घेतलेल्या उशीचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे.

दुकानात सर्वांत जास्त दिसते ती पॉलिएस्टर फायबरची उशी. तंतू पोकळ आणि गुंडाळीदार असले तर ती काही काळ चांगली फुगते, स्वस्त असते आणि ‘मशीनमध्ये धुता येते’ असे वेष्टनावर लिहिलेले असते. हे खरे आहे, पण चिपळूणच्या जुलैत धुतलेली उशी वाळवणार कुठे? बाहेरून कोरडी लागली तरी तिच्या पोटात ओल राहते आणि तिथे बुरशी धरते. धुणे फक्त कडक उन्हाच्या महिन्यांत, म्हणजे फार तर मृग लागण्याआधी एकदा आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात एकदा शक्य आहे. शिवाय ही उशी लवकर चपटी होते. मधोमध दुमडून हात काढला आणि ती आपली आपण उलगडली नाही, तर तिचे आयुष्य संपले असे समजावे; रोजच्या वापरात ही वेळ बहुधा वर्ष-दोन वर्षांत येते. डोक्यामागे घाम येणाऱ्यांना ती गरमही लागते.

मेमरी फोमचा जन्म १९६६चा. अमेरिकेच्या नासा संस्थेच्या एम्स संशोधन केंद्रासाठी काम करताना चार्ल्स योस्ट यांनी विमानातल्या आसनांसाठी हा फोम तयार केला. पॉलियुरेथेनचाच हा प्रकार उष्णतेने मऊ होतो आणि दाबानुसार आकार घेऊन हळूहळू मूळ पदावर येतो. म्हणून डोके कुठे टोचत नाही, मान सर्व बाजूंनी धरल्यासारखी वाटते. पण उष्णतेने मऊ होणारे भरण ऋतूप्रमाणे बदलते, हे ओघाने आलेच. नाशिकच्या डिसेंबरात ते कडक लागते, वैशाखात लिबलिबीत होते आणि डोक्याची ऊब धरून ठेवते. नव्या उशीला रासायनिक वास येतो, तो काही दिवस हवेशीर जागी ठेवल्यावर जातो. ही उशी धुता येत नाही. आणि आपल्या घरांतली चांगली सवय इथे उलटते. उशा उन्हात घालायची सवय फोमला मानवत नाही, कडक उन्हाने तो पिवळा पडून कुस्करतो.

दुकानदाराने दाखवलेल्या उंचवट्याच्या उशीबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण तिची किंमत बहुधा त्या उंचवट्यासाठीच वाढवलेली असते. कुशीवर झोपणाऱ्यांवर वेगवेगळ्या उशांचा काय परिणाम होतो, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी प्रत्यक्ष वापरायला देऊन तपासले होते आणि २००९च्या सुमारास त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात पॉलिएस्टर, साधा फोम, उंचवट्याचा फोम, पिसे आणि लेटेक्स यांची तुलना होती. लेटेक्स सर्वांत उजवे ठरले, पिसांची उशी सर्वांत मागे पडली आणि उंचवट्याच्या फोमचा साध्या फोमहून विशेष फायदा दिसला नाही. शेवरी त्या तुलनेत नव्हती, त्यामुळे तिच्याबद्दल त्यातून काही निष्पन्न होत नाही. उंचवट्याची अडचण सरळ आहे. तो एका ठरावीक लांबीच्या मानेसाठी आणि ठरावीक रुंदीच्या खांद्यासाठी साच्यात ओतलेला असतो. तो तुमच्या मापाचा निघाला तर उत्तम. नाही निघाला तर त्याला कापता येत नाही, वाढवता येत नाही. एखाद्याला त्याने बरे वाटते हे खरे आहे, पण परत घेण्याची हमी असल्याशिवाय ती घेऊ नये.

लेटेक्स म्हणजे रबराच्या चिकापासून बनलेला फोम. तो बनवण्याची डनलॉप नावाची पद्धत १९२९ची आहे. भारतात हा चीक मुख्यतः केरळातून येतो, आणि तुमच्या शेजारच्या सिंधुदुर्गात दोडामार्ग भागातही रबराच्या बागा आहेत. लेटेक्स लगेच उसळून येते, त्यामुळे कूस बदलली की आधारही त्याच क्षणी बदलतो. आरपार भोके असल्याने हवा खेळती राहते. उंची वर्षानुवर्षे टिकते, ऋतूने फारसा फरक पडत नाही. तुमच्या तक्रारीला, म्हणजे कुशीवर झोपणे, घट्ट गादी आणि सकाळची आखडलेली मान, विकतच्या उशांपैकी लेटेक्स सर्वांत योग्य ठरेल. दिरांचा सल्ला चुकीचा नाही, फक्त त्यांच्या मापाची उशी न मागवता तुमच्या मापाची मागवा. लेटेक्सलाही ऊन चालत नाही, ते चिरत जाऊन भुगा होतो. सावलीत वारा द्यावा. कृत्रिम रबराची भेसळ असलेला मालही याच नावाने विकला जातो, तेव्हा नैसर्गिक लेटेक्सचे प्रमाण किती, हे लेखी विचारावे. रबरी हातमोजे किंवा फुगे यांनी अंगावर पुरळ उठत असेल किंवा केळे खाल्ल्यावर तोंडाला खाज येत असेल, तर लेटेक्स घेऊ नये, कारण रबराच्या चिकाची आणि केळ्याची अ‍ॅलर्जी अनेकदा जोडीने आढळते. ही चौकशी मुलीच्या बाबतीत तर आवर्जून करावी. आणि बजेट आड येत असेल तर घरची शेवरी मोजून भरून घ्या. पहिली काही वर्षे ती तुम्हाला निराश करणार नाही.

मुलीच्या शिंकांकडे येतो. धुळीची अ‍ॅलर्जी म्हणजे बहुतेक वेळा धुळीतल्या अतिसूक्ष्म माइट किड्यांच्या विष्ठेची अ‍ॅलर्जी असते. हे किडे आपल्या त्वचेच्या गळणाऱ्या कोंड्यावर जगतात आणि त्यांना दमट हवा लागते, म्हणून कोकणातली उशी त्यांना फार सोयीची असते. दुकानात ‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’ असा शिक्का असलेल्या फायबरच्या उशा दिसतील. त्या शिक्क्याला फारसे महत्त्व देऊ नका. १९९६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांनी वापरातल्या उशा तपासून असे दाखवले की पॉलिएस्टरच्या उशांमध्ये पिसांच्या उशांपेक्षा माइटचा अ‍ॅलर्जीकारक घटक जास्त होता, आणि त्या काळापर्यंत तर अ‍ॅलर्जीच्या रुग्णांना पिसांची उशी सोडून पॉलिएस्टर घ्या असाच सल्ला दिला जात असे. याचे संभाव्य कारण असे की पिसे बाहेर येऊ नयेत म्हणून त्या उशांची खोळ फार घट्ट विणीची असते आणि तीच किड्यांनाही अडवते. पुढे मँचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी दीड ते वीस वर्षे वापरलेल्या उशा तपासल्या तेव्हा पिसांच्या आणि कृत्रिम तंतूंच्या, दोन्ही प्रकारच्या उशांमध्ये भरपूर बुरशी आढळली. तेव्हा अ‍ॅलर्जीच्या बाबतीत उशीच्या पोटात काय आहे यापेक्षा तिच्यावरची खोळ किती घट्ट विणीची आहे आणि उशी किती जुनी आहे, या दोन गोष्टींना जास्त वजन आहे.

म्हणून मुलीसाठी शेवरी नको, ते पुडीच्या त्रासामुळे. आणि जुना कापूसही नको. चांगल्या फायबरची नवी उशी घ्या, तिच्यावर माइट अडवणारी, सर्व बाजूंनी बंद होणारी चेनची खोळ घाला आणि वर नेहमीचा सुती अभ्रा. अभ्रा आठवड्यातून एकदा ६० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या गरम पाण्यात धुवावा. इतक्या उष्णतेने किडे मरतात आणि धुण्यामुळे त्यांची विष्ठाही निघून जाते. नुसत्या उन्हाने किडे कमी होतात हे खरे, पण शिंका आणणारा घटक उशीतच राहतो. ऊन दिल्यावर उशी बडवायची असेल तर मुलगी शाळेत असताना आणि घराबाहेर बडवावी. फायबरची उशी दीड-दोन वर्षांनी बदलावी लागेल, तो खर्च गृहीत धरा. गादीलाही अशीच खोळ घातल्याशिवाय नुसत्या उशीने पुरा गुण येणार नाही.

सासूबाईंनी उशी सोडली, हे मला काळजीचे वाटते. ‘मानेचा त्रास आहे ना, मग उशी घेऊ नका’ हा आपल्याकडचा फार जुना आणि फार पसरलेला सल्ला आहे. वयाबरोबर पाठीला थोडा बाक येतो. असा बाक असलेले माणूस उशीविना उताणे झोपले की डोके मागे पडते, हनुवटी वर जाते आणि मानेच्या मागच्या सांध्यांवर ताण येतो. त्यांना भिंतीला पाठ लावून उभे करा. डोके आपसूक भिंतीला टेकत नसेल तर डोके आणि भिंत यांमध्ये जेवढे अंतर उरते, साधारण तेवढी उंची त्यांना उताणे झोपताना हवीच. त्यांच्यासाठी शेवरी अगदी योग्य आहे. उशी जरा कमी भरा म्हणजे डोक्याखाली ती मऊ राहील, आणि छोट्या टॉवेलची मनगटाएवढी जाड गुंडाळी करून अभ्र्याच्या आत, मानेच्या कडेला ठेवा. दुकानातल्या उंचवट्याचे काम ही गुंडाळी करते आणि ती जाड-बारीक करता येते. मात्र हातात मुंग्या येणे, बोटांची पकड सैल पडणे, वस्तू हातातून निसटणे किंवा चालताना तोल जाणे यांपैकी काही असेल, तर उशीचा विचार बाजूला ठेवून आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. तुमच्याही बाबतीत दुखणे हातात उतरू लागले किंवा उशी बदलून महिना-दीड महिना झाला तरी सकाळचा आखडलेपणा तसाच राहिला, तर हेच लागू आहे.

यजमानांच्या घोरण्यावर कोणत्याही भरणाचा इलाज नाही. उताणे झोपल्यावर जीभ आणि टाळूचा मऊ भाग मागे पडून श्वासाची वाट अरुंद होते, म्हणून कुशीवर झोपल्याने अनेकांचे घोरणे कमी होते. त्यांना कुशीवर टिकवणारी, पुरेशी उंच आणि भक्कम उशी घेतली तर तेवढा उपयोग होईल. फार उंच उशीवर उताणे झोपू नये, हनुवटी छातीकडे दबून उलट त्रास वाढतो. ‘घोरणे थांबवणारी उशी’ म्हणून जे विकले जाते त्यावर पैसे घालवण्यापूर्वी एक निरीक्षण करा. घोरता घोरता मध्येच काही क्षण श्वास थांबून मग दचकल्यासारखा जोराचा श्वास येतो का, आणि दिवसा त्यांना बसल्या जागी डुलक्या लागतात का? तसे असेल तर तो झोपेत श्वास अडण्याचा विकार असू शकतो आणि त्यासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा छातीचे डॉक्टर यांच्याकडेच जावे लागेल.

खरेदीचा क्रम विचाराल तर पहिली मुलीची उशी आणि खोळ, कारण तिथे रोजचा त्रास आहे. मग तुमची. सासूबाईंची शेवरीची उशी येत्या चैत्र-वैशाखापर्यंत थांबू शकते. तोवर चादरीच्या घडीने आणि टॉवेलच्या गुंडाळीने त्यांचे भागेल. यजमानांना सध्याची उशी पिंजून, पुन्हा भरून दिली तरी पुरे.

राहता राहिल्या तुमच्या जुन्या उशा. त्यांतला जो कापूस पिवळट पण कोरडा आणि वास न येणारा असेल, तो पिंजून बैठकीच्या लोडात किंवा तक्क्यात भरता येईल. ज्याला कुबट वास येतो, ज्यावर काळे-हिरवे ठिपके आहेत किंवा जो कधी पुराच्या पाण्यात भिजला होता, तो मात्र पिंजून घेऊ नका. पिंजताना त्यातली बुरशी सगळीकडे उडते, म्हणून तो खोळीसकट पिशवीत बांधून टाकून द्यावा.